प्लास्टिकवरची सावली

वाचनालयाचं छप्पर बदलायचं, पण वाचनालय एक दिवसही बंद ठेवायचं नाही, असा वरून हुकूम आला होता. म्हणून मिस्त्रीने छपराखाली पांढरं प्लास्टिक ताणून बांधलं. वर कौलं उतरत होती, खाली लोक पेपर वाचत होते. ऊन पडलं की कामगारांच्या सावल्या प्लास्टिकवर फिरायच्या. पेपरापेक्षा वरचं बरं, असं एक आजोबा रोज म्हणायचे.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ग्रंथपालबाईंना वर एक सावली दिसली. तुळईवर पाय खाली सोडून बसलेली. कुणी वरच राहिलंय असं वाटून त्या आवारात गेल्या. पाचही गडी झाडाखाली जेवत होते.

त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, तसा त्याचा घास हातातच राहिला.

"एकच पाय हलवतोय का? उजवा?"

बाई हो म्हणाल्या. मिस्त्रीचा थोरला भाऊ असाच बसायचा. गेल्या वर्षी दुसऱ्या कामावर छपरावरून पडला, तो उठलाच नाही.

"वहिनीला कळू देऊ नका," मिस्त्री म्हणाला. "खाली कौलं रचायला तीच असते."

बाई आत आल्या, तर वहिनी त्या सावलीच्या बरोबर खाली, बाकावर डबा उघडून बसली होती. वर बघत नव्हती. सावकाश जेवत होती. आत खायला मनाई होती, पण बाईंनी तिकडे काणाडोळा केला.

कौलं संपली, पत्रे चढू लागले. रोज उजेड थोडा आखडायचा आणि सावली उरलेल्या उजेडात सरकून बसायची. वहिनीही बाक बदलायची. दुपारी बाई वाचकांना हळूच दुसऱ्या दालनात बसवायच्या.

शेवटी एकच पत्रा राहिला.

"भाऊजी, हा जेवणानंतर बसवा," वहिनी म्हणाली. मिस्त्रीने पत्रा भिंतीला टेकवून ठेवला.

जेवण झाल्यावर तो एकटाच वर चढला. पत्रा दोघांनी धरायचा होता, पण त्याने कुणाला येऊ दिलं नाही. बाईंनी खालून पाहिलं. पत्र्याच्या दोन्ही टोकांना सावल्या होत्या. मग अंधार झाला आणि स्क्रू आवळल्याचा आवाज येत राहिला.

खाली आल्यावर मिस्त्री बराच वेळ पाणी पीत उभा राहिला.

"वजनच लागलं नाही," तो वहिनीला म्हणाला.

तिने मान डोलावली आणि प्लास्टिकच्या गाठी सोडायला घेतल्या.