पाटलांनी उबवलेली अंडी

आमच्या ह्यांना खुर्ची हवी होती. घरातली नव्हे. घरात खाट होती, झोपाळा होता, बूड टेकायला जागेची वानवा नव्हती. त्यांना हवी होती प्रकाशा गावच्या कॅम्पातली खुर्ची. दर थंडीत गोरा साहेब तापीकाठी तंबू ठोकायचा आणि आसपासच्या गावांचे पाटील हजेरीला जायचे. मानाचा असेल त्याला खुर्ची, बाकीच्यांना जाजम. शेजारगावचा सुपडू पाटील तीन वर्षं खुर्चीवर बसत होता आणि आमचे पितांबर पाटील त्याच्या जोड्यांसमोर मांडी घालून. घ्या, नाव घेतलं मी. या वयात नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोण माझं काय करणार आहे?

त्या वर्षी वरून हुकूम निघाला. गावठी कोंबडी निकामी, विलायती वाढवा. अंडी सरकार देईल. जो पाटील ती स्वतःच्या घरात उबवून पिल्लं दाखवील, त्याला खुर्ची. आता आम्ही गुजर. आमच्याकडे अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, चातुर्मासात कांदासुद्धा बाहेर. पण खुर्ची म्हटल्यावर ह्यांचा धर्म जरा पातळ झाला. वीस पांढरीशुभ्र अंडी भुशात घालून पेटीतून आली, सोबत छापील पुस्तक. हे अंडं खायचं नाही, सरकारी कागदासारखं आहे, त्याचा विटाळ होत नाही, असं ह्यांनी मला समजावलं. आणि पेटी मात्र धोतराच्या सोग्यानं धरून आत आणली.

उबवायची कशी, ते पुस्तकात होतं: सारखी ऊब द्या, वारा लागू देऊ नका. हे वाचून ह्यांचा चेहराच उजळला. केळीचं आम्ही दुसरं काय करतो? बंद खोलीत घड रचायचे, पाला झाकायचा, गोवऱ्यांचा धूर द्यायचा, चौथ्या दिवशी केळी पिवळी. तशी चौथ्या दिवशी पिल्लं. मी म्हटलं, अहो, आधी जसोदाबाईला विचारा. जसोदा म्हणजे आमच्या सालदाराची, चैत्या भिलाची बायको. कोंबड्या सांभाळण्यात तिचा जन्म गेला होता. हे म्हणाले, पाटलानं सालदाराच्या बायकोकडून शिकायचं तर मग खुर्चीही तिलाच द्या. आणि वीसच्या वीस अंडी केळीच्या खोलीत घालून गोवऱ्या पेटवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नदीवर गेले तशी मी जसोदाला हाक मारली. तिनं खोली उघडली, एकेक अंडं गालाला लावून पाहिलं आणि दोन ढीग केले. मधली अकरा धगीनं गेली होती. कडेची नऊ जगली तर जगतील, म्हणाली. तिची एक तांबडी कोंबडी खुडूक झाली होती, जागची उठत नव्हती. जसोदानं पाटीत राख पसरली, राखेवर पेंढा, पेंढ्यावर नऊ अंडी आणि वर ती कोंबडी. कोंबडी दुसऱ्यासाठी बसवली की निम्मी पिल्लं कोंबडीवालीची, ही रीत. मी कबूल केलं. अकरा अंडी उकिरड्यावर दिसल्यावर ह्यांनीही निमूट मान हलवली. फक्त पाटी आमच्या गोठ्यात राहील म्हणाले, कारण हुकमात ‘स्वतःच्या घरात’ असं होतं.

पुढचे वीस-एकवीस दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. गोठ्याजवळ खोकायचं नाही, मुसळ चालवायचं नाही. पुस्तकात लिहिलं होतं, अंडी दिवसातून तीनदा फिरवा. आता कोंबडी ती आपणहून चोचीनं फिरवते. पण हे तीनदा गोठ्यात जाऊन तिला ‘फिरव’ म्हणायचे आणि तिनं फिरवली की वहीत वेळ टिपायचे.

आठव्या दिवशी जसोदानं गोठ्याचं दार लावून चिमणीच्या उजेडात एकेक अंडं धरलं. तीन मोकळी निघाली. सहांमध्ये बारीक लाल रेषा होत्या आणि मधे काहीतरी हलत होतं. हे वाकून पाहत राहिले. वहीसुद्धा विसरले. मला त्यांची माया आली, खोटं का सांगू. दुसऱ्या दिवशी पुन्हा वही.

सहाही फुटली. हळदीच्या रंगाची पिल्लं, चिवचिवाटानं गोठा भरून गेला. साहेबाचा कॅम्प पडला तसा ह्यांनी नवा फेटा बांधला. कोंबडी आणि पिल्लं डालग्यात घातली आणि चैत्यानं गाडी जुंपली.

तिथलं सगळं मला मागाहून चैत्यानं सांगितलं. साहेब खूश झाला. वहीत सहाचा आकडा मांडला आणि ह्यांना खुर्ची दिली, सुपडू पाटलाच्या शेजारी. साहेबाचा नाश्ता चालला होता. त्याच्यापुढे चिनीमातीची एवढीशी वाटी आणि तिच्यात उभं ठेवलेलं अंडं. साहेबानं गमतीनं ती वाटी ह्यांच्यापुढे सरकवली. ह्यांनी अंडं दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं, उपरण्यात गुंडाळलं आणि उभे राहून म्हणाले, “साहेब, हाई बी उबवसू.”

कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला, मेम हसली, खानसामा तंबूच्या मागे जाऊन हसला, सुपडू पाटील तर खुर्चीवरून पडायचा राहिला. हे समजले, सगळ्यांना आनंद झाला.

घरी आले ते छाती काढूनच. ओट्याशी जसोदा वाट पाहत होती. विलायती पांढरी कोंबडी दुप्पट अंडी देते असं ऐकून बिचारीनं तिच्या तीन पिल्लांसाठी वेगळं डालगंही विणलं होतं. हे म्हणाले, साहेबाच्या वहीत सहा आहेत, ती मोडता यायची नाहीत. पण पाटील कुणाचा वाटा खात नाही. मग उपरणं सोडलं आणि अंडं तिच्या हातावर ठेवलं. साहेबाच्या मेजावरचं अंडं आहे, याच्यापुढे तीन पिल्लं काहीच नाहीत, हे बसव, निघेल ते सगळं तुझं.

जसोदानं अंडं तळहातावर तोललं. मग ओट्यावर ठेवून बोटांनी गरकन फिरवलं. ते फिरत राहिलं.

“पाटील,” ती हळूच म्हणाली, “हाई तं शिजेल शे.”

उकडलेलं अंडं! ह्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग चैत्याकडे पाहिलं. चैत्या मान खाली घालून बैल सोडत होता. ह्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला आणि झोपाळ्यावर बसले. तंबूतली माणसं कशाला हसली ते त्यांना आत्ता कळलं होतं. त्या वेळी मला त्यांची इतकी कीव आली की जवळ जाऊन बसावंसं वाटलं. पण जसोदा रिकामं डालगं घेऊन उभी होती आणि त्यांचा संतापही आला. मी गाडीतल्या डालग्यातली तीन पिल्लं उचलून तिच्या डालग्यात सोडली. साहेबाच्या वहीत सहा आहेत, हे ह्यांनी मला पुन्हा सांगितलं नाही.

जसोदा अंडं परत द्यायला लागली, ह्यांनी हात पुढे केला नाही. तेव्हा ती पायरीवर बसली, अंडं सोललं आणि माझ्याकडे मीठ मागितलं. मी आणून दिलं.