शुभ सकाळच्या आधीचा फोटो

मी एक जुना लॅपटॉप आहे. हसू नका, मित्रांनो! माझं झाकण एका बाजूने लटकतं, बॅटरी कधीच मेली आहे आणि माझा पंखा सुरू झाला की शैलाताई आतून विचारतात, "कुकर कुणी लावलाय?" पण माझी स्मरणशक्ती अजून ठणठणीत आहे.

मी मूळचा पुण्याच्या दुकानातला. मला विकत घेणारे अरुणराव बँकेत अधिकारी, शैलाताई त्यांच्या पत्नी. त्यांची बदली कोलकात्याला झाली तेव्हा मीही त्यांच्या मांडीवर बसून इकडे आलो. त्यांच्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास, लेकीचे, म्हणजे नूपुरचे, शाळेचे प्रकल्प, सहलींचे फोटो, सगळं माझ्याच पोटात. "हा आहे म्हणून निभावतंय हं," असं शैलाताई पाहुण्यांना सांगायच्या. मग घरात एक सडपातळ, चकचकीत लॅपटॉप आला आणि मला गणपतीच्या मखराशेजारी कपाटावर चढवलं. त्या सडपातळ साहेबांना कॅमेऱ्याचं कार्ड घालायला साधी फटसुद्धा नाही! पण माझं कोण ऐकतंय? फार वाईट वाटलं मला.

यंदा अरुणरावांची पुन्हा बदली झाली, नागपूरला. त्याच सुमारास एस्प्लनेडजवळच्या एका कलादालनाने शाळकरी मुलांसाठी 'नदीकाठ' या विषयावर फोटोंची स्पर्धा ठेवली. निवडलेले फोटो वर्षभर भिंतीवर राहणार होते.

"आपण गेल्यावर इथे माझी एक फोटो तरी राहील ना, आई," नूपुर म्हणाली. तिचं मराठी असंच, हिंदीच्या वळणाचं. पण बोलताना तिचे डोळे भरून आले होते. ती याच शहरात वाढली होती.

फोटोही तिच्याकडे तसा होता. बागबाजारच्या घाटावर बोट लागते आहे, खलाशाने दोर फेकलाय आणि दोराचं वेटोळं वर कोपऱ्यात हवेतच आहे. गेल्या हिवाळ्यात अरुणरावांच्या कॅमेऱ्यातून तिने तो टिपला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी ती फोटो पाठवायला बसली. संध्याकाळी सहाला मुदत संपणार होती. फोटो सापडला फक्त घरच्या ग्रुपवर, आणि तोही कसा? भोवती झेंडूची चौकट आणि नेमक्या दोराच्या कोपऱ्यात गुलाबी अक्षरांत 'शुभ सकाळ! छायाचित्र : आमची नूपुर'.

"अगं, कौतुकानेच केलं मी," शैलाताई कानकोंड्या होऊन म्हणाल्या.

स्पर्धेचे नियम कडक होते. फोटोवर नाव नको, अक्षर नको, चौकट नको. फोटोत काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही. शिवाय ग्रुपवरून पाठवताना फोटो आक्रसला होता. स्पर्धेला चालेल एवढा तो मोठाच उरला नव्हता. कोपरा कापावा तर दोरच जात होता. कॅमेऱ्याचं कार्ड तर पुरीच्या सहलीसाठी पुसून टाकलेलं.

"राहू दे, बाबा," नूपुर म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

मी वर तडफडत होतो. अहो, मी आहे ना इथे! इकडे बघा की!

तेवढ्यात शैलाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, कार्डावरचे फोटो आपण आधी त्या जुन्यात घेतले होते! मी तिथूनच फोनवर घेतला. काढा त्याला खाली!"

"तो सुरू व्हायला तर हवा," असं पुटपुटत अरुणराव स्टुलावर चढले. माझ्यावरची धूळ त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली. चार्जर लावला. मी जीव खाऊन पंखा फिरवला. पडदा उजळला आणि तो फोटो निघाला, दोरासकट, जसाच्या तसा.

"मिळाली!" नूपुर ओरडली.

आता मात्र तिने घाई केली नाही. आधी फोटोची एक नक्कल केली आणि सगळं काम त्या नकलेवर केलं. लांब बाजू नियमात बसवली, फाइल ठरलेल्या वजनाची केली, तिला नावाऐवजी स्पर्धेचा क्रमांक दिला. दोराला हातही लावला नाही. सहाच्या आत फोटो गेला आणि शैलाताईंनी माझ्यासमोर साखर ठेवली. काय ही माणसं!

फोटो निवडला गेला. आता तो दालनाच्या भिंतीवर आहे. त्या भिंतीचाही फोटो झेंडूसकट ग्रुपवर गेला, पण या वेळी शैलाताईंनी आधी विचारलं, "मूळचा वेगळा ठेवलास ना गं?"

मित्रांनो, फोटो हवा तेवढा सजवा, लहान करा, कापा, पण नकलेवर. मूळ फोटो जपा. आणि तो ज्याच्या पोटात आहे, त्या म्हाताऱ्याला अधूनमधून सुरू करून बघत जा.

काल सामान बांधणारी माणसं आली. एकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ये कबाड भी जाएगा?"

नूपुरने मला उचललं आणि छातीशी धरलं. "ये मेरे साथ जाएगा," ती म्हणाली.