इंचभर बाहेरची रेघ

शिंपी कामाला चोख. तीस वर्षांत एक बाही आखूड गेली नाही, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. काजं-बटणं बायको करायची आणि तिचा हात त्याच्याहून साफ होता. हे मात्र तो कुणाला ऐकवायचा नाही.

सोमवारी मशीनची सुई तिच्या बोटात घुसली. मंगळवारी सकाळी पंजा मनगटापर्यंत लाल, गरम, टम्म. दवाखान्यातले डॉक्टर गोळ्या देत म्हणाले, "काका, लालीच्या अगदी कडेने पेनाने रेघ मारा. लाली रेघेबाहेर गेली, की तडक मोठ्या हॉस्पिटलात जा."

रेघ मारणं तर याच्या हातचा मळ! पण कापड आखताना शिलाईसाठी इंचभर माया सोडायची सवय हाडात मुरलेली. हाताने आपणहून इंच सोडला.

"अहो, लांब नाही का झाली?" बायकोने विचारलं.

"आखणं मला शिकवू नकोस."

दिवसभर तो दर अर्ध्या तासाने बघत होता. लाली रेघेच्या आत, म्हणून स्वारी निर्धास्त. संध्याकाळी ती रेघेला टेकली, तोवर बोटं काळीनिळी पडली होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. "जंतू शिरले की शरीराचे पहारेकरी धावतात. रक्तवाहिन्या सैल करतात, त्यातून पाणी पाझरतं, सूज येते. एरवी त्यानेच माणूस बरा होतो. इथे ते थांबलेच नाहीत. सुजेच्या दाबाने हाताचा रक्तपुरवठाच तुटला."

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं?"

"हो. आणि कुंपण काढूनही टाकता येत नाही, जंतू अजून आत आहेत. दुपारीच आला असता तर..." त्यांची नजर रेघेवर गेली.



बाईंनी पेन काढलं आणि कोपराखाली, चांगल्या कातडीवर, गोल रेघ मारली.

"लाली तर खाली आहे," तो कळवळला. "एवढं वर कशाला?"

"कापताना थोडं सोडावंच लागतं, काका."

बायको पडल्या पडल्या हाताकडे बघत होती. "सरळ आलीय का हो?" तिने विचारलं.

त्याने वाकून बघितलं. रेघ सरळ होती.