कुंडी उचलून बघा

त्या बुधवारी सीत्से पोस्टमांनी आपल्या मुलीला नापास केलं आणि मग तिला घरी न्यायला गाडी गरम करून ठेवली. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच चेहऱ्याने केली.

नापास होण्याजोगं हिल्केने तसं फार काही केलं नव्हतं. परीक्षा फांद्या लावण्याची होती. चाकू स्पिरिटने पुसायचा, पेराच्या जरा खाली काप द्यायचा, खालची पानं आणि कळ्या काढायच्या, आणि प्रत्येक गोष्ट करताना ती का करतो आहोत हे मोठ्याने सांगायचं. सांगण्यात हिल्के हरणारी नव्हती. चाळिशी उलटलेली, साहित्यात डॉक्टरेट केलेली बाई ती. विद्यापीठाने तो विभागच बंद करेपर्यंत वर्षानुवर्षं तिने सांगण्याचाच पगार घेतला होता. पण जिरेनियमच्या फांद्या ट्रेमध्ये ओळीने लावून झाल्या तेव्हा त्या इतक्या केविलवाण्या दिसायला लागल्या, की तिने शेजारची झारी उचलली आणि प्रत्येकीच्या बुडाशी भरपूर पाणी घातलं.

"थांबा, मिस पोस्टमा," वडील म्हणाले. वर्गात ती मिस पोस्टमा होती आणि ते सर. "हे पाणी कशासाठी?"

"सुकल्यासारख्या वाटल्या."

"ट्रे उचलून बघितलात?"

"नाही."

"मग हे पाणी तुम्ही झाडाला घातलेलं नाही. स्वतःच्या मनाला घातलंय." त्यांनी शांतपणे कागदावर काट मारली. "ताजा काप आहे. आता तो कुजणार. पुन्हा बसा परीक्षेला."

"पण सर," मागून कॉर्डेल म्हणाला, "झारी किती सुंदर धरली होती! त्याचा निदान अर्धा गुण?"

वर्ग हसला. सरही थोडे हसले, पण गुण दिला नाही.

नायगाराच्या त्या कॉलेजात झाडांचा धंदा शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पोस्टमा सर पहिल्याच दिवशी एक रिकामी कुंडी, एक भरलेली कोरडी कुंडी आणि एक भिजवलेली कुंडी उचलायला लावत. पानं अन्न कशी करतात, बुरशी कुठून शिरते, मातीचा आंबटपणा कसा मोजतात, हे सगळं नंतर. "नर्सरीत मॅनेजर व्हा, नाहीतर महापौरांच्या बागेत गुलाब छाटा," ते म्हणत, "आधी वजन शिका. या देशात झाडं तहानेने मरत नाहीत. मायेने मरतात." डोळे मिटून कुंडी उचलली तरी पाणी कधी घालायचं हे हाताला कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मुलं त्यांची नक्कल करत, आणि नक्कल करता करता शिकत.

घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फात उभ्या पीचच्या बागा होत्या. गाडीच्या कप्प्यात पेपरमिंटच्या गोळ्या असत, चर्चमध्ये प्रवचन लांबलं की लागणाऱ्या. त्यांनी एक तिला दिली, एक स्वतः घेतली.

"हिल्के, तू इथे का आलीस गं?"

"कुठे?"

"या कोर्सला. तुला झाडं आवडत नाहीत."

"आवडतात की."

"तू त्यांच्याकडे पाहुण्यांकडे बघावं तशी बघतेस. बसा, चहा घ्या, आणि आता निघताय कधी."

तिला हसू आलं. "यात नोकऱ्या आहेत, बाबा. माहितीपत्रकात लिहिलंय तसं."

"माहितीपत्रक मीच लिहिलंय. त्याच्यावर नको जाऊस."

खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं. आई गेली त्या वर्षी नाताळात ती आली होती. बाबा घरात सापडेनात म्हणून ग्रीनहाऊसवर गेली, तर कॉलेजला सुट्टी असताना हा माणूस एकटाच कुंड्यांच्या रांगेत उभा राहून सँडविच खात होता. बसायला खुर्ची होती, पण बसला नव्हता. तिने त्याला काही विचारलं नाही. पुढल्या सत्राला कोर्सला नाव घातलं. या माणसाशेजारी दिवसभर उभं राहायचं तर दुसरी जागाच नव्हती. पण पोस्टमांच्या घरात असली वाक्यं बोलत नसत. त्यांच्याऐवजी कोणीतरी उठून भांडी घासत असे. तिने दुसरी गोळी मागितली.

रात्री वाटाण्याचं दाट सूप झालं. "चमचा उभा राहतोय," बाबा म्हणाले, म्हणजे आवडलं. मग त्यांनी भांडी घासली.

सकाळी गुडघाभर बर्फ पडला होता. तिने फावडं घ्यायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "तू वाच." ती खिडकीशी कॉफी घेऊन वाचत बसली. बाहेर फावडं घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा तिला वाटलं, झालं काम.

चर्चमध्ये सरांच्या अंत्यविधीला फुलं आणू नयेत, असं कुटुंबातर्फे कळवलं होतं. त्यामुळे कोणी फुलं आणली नाहीत. सगळ्यांनी कुंड्या आणल्या. त्यातही बहुतेक पीस लिली, कारण दुकानदार शोकाला तीच देतो. सर तिला दंतवैद्याच्या दवाखान्यातलं झाड म्हणत. शवपेटीभोवती दंतवैद्याचा भलामोठा दवाखाना उभा राहिला. त्यांचे विद्यार्थी रांगेने भेटायला येत होते. येता येता प्रत्येक जण सवयीने जवळच्या कुंडीत बोट खुपसून ओल बघत होता आणि मग तोच हात हिल्केच्या हातात देत होता. दिवसाच्या शेवटी तिच्या तळव्याला मातीचा वास येत होता. तळघरात हॅमचे पाव आणि कॉफी होती. "पाव ताजे आहेत," बायका एकमेकींना सांगत होत्या, आणि तो दुखवटाच होता.

पुढच्या आठवड्यात हिल्के कोर्समधून नाव काढायला कॉलेजात गेली. यायचं कारण उरलं नव्हतं, आणि ते काय होतं हे कोणाला माहीत नसल्यामुळे समजावून सांगायचीही गरज नव्हती. ते तिला सोयीचं वाटलं.

विभागप्रमुख लोरेट्टा क्वालियारा मोठ्या मनाची आणि मोठ्या आवाजाची बाई. तिने आधी हिल्केला छातीशी धरलं आणि मग दार लावलं.

"नाव नको काढूस. फक्त त्या फांद्यांच्या परीक्षेचा अडसर आहे ना? ती मी पास करून टाकते. सहानुभूती म्हणून तशी तरतूद आहे."

"बाबांनी नापास केलंय."

"अगं, तो कोणालाही करायचा. मला केलं असतं." लोरेट्टाने नाक पुसलं. "तुझ्यासाठी राहिला गं तो. नाहीतर कधीच गेला असता."

"कुठे?"

"निवृत्त होऊन! पश्चिमेला समुद्राकाठी बहिणीकडे जाणार होता. पाठ कामातून गेली होती त्याची, या दमट हवेला विटला होता. राजीनामा माझ्या टेबलावर होता. आणि तू नाव घातलंस त्याच आठवड्यात आला आणि म्हणाला, तो कागद दे परत. मुलगी येतेय. पुस्तकांनी हाकललंय तिला, तिच्या हाताला काहीतरी लावून देतो, मग जातो." लोरेट्टाने उसासा टाकला. "आम्ही निरोपाचा केकसुद्धा सांगून ठेवला होता."

हिल्केला झाडं नको होती. बाबांनाही ती पुरे झाली होती. आणि दोघं दोन हिवाळे त्या काचेच्या खोलीत घामाघूम होऊन, एकमेकांवर उपकार करत, शेजारी शेजारी उभे राहिले होते. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी दोघं आज पश्चिमेला समुद्राकाठी बसले असते.

"कसला होता?" तिने विचारलं.

"काय?"

"केक."

"गाजराचा. आम्हीच खाल्ला मग."

हिल्के हसायला लागली. हसू थांबेना, तेव्हा लोरेट्टाने कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला आणि स्वतःही त्यातला एक घेतला.

नाव काढायचा अर्ज घेऊन ती ग्रीनहाऊसमध्ये गेली. बाबांचा एप्रन तिथे खुंटीला होता, तो न्यायचा होता. वर्ग भरलेला होता, पण काम कोणी करत नव्हतं. सगळे खिडकीशेजारच्या टेबलाभोवती जमले होते. टेबलावर सरांचं जिरेनियम होतं, ज्याच्या फांद्या ते दर वर्षी परीक्षेला देत. त्याची पानं पिवळी पडून लोंबत होती.

"ये हिल्के," मर्ना म्हणाली. ही बँकेतून निवृत्त होऊन शिकायला आलेली, वर्गातली सगळ्यांची मावशी. तिच्या हातात झारी होती. "बघवत नाही गं. सरांच्या आठवणीने झुरतंय."

"तुमच्या आईने लग्नात आणलेलं ना हे?" कॉर्डेलने हळू आवाजात विचारलं. "सगळे म्हणतात."

हे जिरेनियम बाबांनी सुपरमार्केटच्या मागे, टाकून दिलेल्या मालात सापडलं म्हणून उचलून आणलं होतं. ते आईला आवडत नसे, वासाने तिचं डोकं दुखे. हिल्केने ते सांगितलं नाही. तिची नजर झारीवर होती.

"मर्ना, तू याला पाणी घातलंस?"

"थोडंसं. रोज."

"रोज?"

"म्हणजे, येते तेव्हा. कोमेजलेलं दिसलं की."

"मीपण घातलं," कॉर्डेल म्हणाला. "सोमवारी. आणि... परवा."

"मी आज सकाळी," मागून कोणीतरी बोललं.

"मी शनिवारी मुद्दाम आलो होतो."

आणि मग रांगच लागली. कोणी गपचूप घातलं होतं, कोणी डोळे पुसत, कोणी कोमट करून. प्रत्येकाला वाटत होतं, सरांच्या झाडाची आठवण फक्त आपल्यालाच आहे.

"कुंडी उचलून बघितली कोणी?"

मर्नाने झारी पाठीमागे धरली.

"अगं, सरांची कुंडी," मर्ना शेवटी दुखावल्यासारखी म्हणाली. "तिला हात कसा लावायचा?"

हिल्केने हात लावला. कुंडी शिशासारखी जड होती. उचलताच तळाच्या भोकातून आंबूस पाणी तिच्या बुटांवर गळलं. मातीशी टेकलेलं खोड काळं पडलं होतं, आणि तो काळेपणा वर चढत होता. मुळांना हवा मिळाली नाही की ती गुदमरतात आणि पाणी ओढेनाशी होतात. मग पाण्यात बुडालेलं झाडसुद्धा तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. आणि ते बघून जो येतो तो पाणी घालतो. हे सरांनी वर्गाला इतक्या वेळा सांगितलं होतं, की कॉर्डेल ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत असे. आत्ता मात्र तो स्वतःच्या आवाजात बोलला.

"मेलं का?" त्याने विचारलं.

"बूड गेलं." हिल्के शेंड्यांकडे बघत होती. टोकाचा भाग अजून हिरवा होता, घट्ट होता. "संध्याकाळपर्यंत तेही जाईल." तिने अर्ज घडी करून खिशात घातला. "लोरेट्टाला बोलाव रे."

"कशाला?"

"माझी परीक्षा राहिलीय."

लोरेट्टा धापा टाकत आली. "अगं बाई, मी म्हटलं ना, पास करते म्हणून..."

"घ्या परीक्षा. नेहमीसारखी."

लोरेट्टाने वर्गाकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, आणि चष्मा लावला. "बरं. मोठ्याने सांग. काय करतेस आणि का करतेस."

हिल्केने चाकू पुसला. "प्रत्येक कापानंतर पुसतेय, कारण कुजण्याचा रोग पात्यावरून पुढच्या फांदीत जातो." तिने वरचा शेंडा धरला, काळ्या भागापासून खूप वर. "पेराच्या खाली कापतेय, कारण मुळं तिथून लवकर फुटतात." काप हिरवा आणि स्वच्छ निघाला. "आतून तपकिरी असता तर फेकला असता." तिने खालची पानं काढली. "मुळं नाहीत, तेव्हा एवढ्या पानांना पाणी पुरवणार कोण." टोकाला एक लाल कळी होती. कोणीतरी मागून "अरेरे" म्हटलं. तिने ती खुडली. "फुलात ताकद गेली तर मुळांना राहत नाही."

फांद्या तिने वर्तमानपत्रावर एकीशेजारी एक ठेवल्या. त्या नेहमीसारख्याच केविलवाण्या दिसत होत्या. मर्नाच्या हातातली झारी नकळत पुढे आली.

"नको," हिल्के म्हणाली. "आज पाणी नाही. मातीतही लावायच्या नाहीत. रात्रभर अशाच राहू द्यायच्या, कापावर खपली धरेपर्यंत."

लोरेट्टाने कागदावर बरोबरची खूण केली, पेन तसंच धरून ठेवलं आणि जरा चाचरत म्हणाली, "झालं तर मग. उत्तम. बघ हिल्के, तुझ्या वडिलांना हेच हवं होतं. त्यांना माहीत होतं, तुझं मन झाडांत आहे."

"नाही," हिल्के म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने चाकू पुन्हा एकदा पुसला, पुसायची गरज नव्हती तरी, आणि खाली ठेवला.

"मला झाडं आवडत नाहीत. त्यांना माहीत होतं ते. मी नोकरीसाठी आले नव्हते, आणि मला कोणी कुठून हाकललं म्हणूनही नाही." तिचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसा सरळ होता. "मला बाबांबरोबर राहायचं होतं. मला ते फार आवडायचे."