गाळपेरातली होडी

मोतीराम पगारे नौदलातली नोकरी संपवून घरी आले, तेव्हा वत्सलाबाईंना वाटलं, सुटलो एकदाचे. लग्नानंतरची सगळी उमेदीची वर्षं त्यांनी नाशिकरोडच्या स्टेशनावर नवऱ्याला गाडीत बसवून देण्यात घालवली होती. नवरा वर्षातून एकदा यायचा, मुलींना चॉकलेटं द्यायचा, एखादा गळका नळ दुरुस्त करायचा आणि घरात जरा रुळतोय न रुळतोय तोच पुन्हा ट्रंक भरायला घ्यायचा. आता मुली आपापल्या घरी गेल्या होत्या, मोतीरामांना छापखान्यात फिटरचं काम मिळालं होतं, आणि रविवार हा वार पहिल्यांदाच वत्सलाबाईंच्या मालकीचा झाला होता.

ही मालकी काही फार टिकली नाही. मोतीरामांनी अंगणात होडी बनवायला घेतली.

तीही साधीसुधी नाही, शिडाची. सागवान परवडेना म्हणून प्लायवूड आलं, डोलकाठीसाठी निलगिरीचा सोट आला, शिडाचं जाड कापड मुंबईहून आलं. कॉलनीतला प्रत्येक माणूस येता-जाता तिच्यावर एक थाप मारी आणि न विचारता एक सल्ला देऊन जाई. "काका, गोदावरीत पाणी गुडघाभर. ही चालवणार कुठं?" असं पोरं विचारत. "धरणात," मोतीराम तोंडातले खिळे न काढता सांगत. वत्सलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत हे सगळं बघत बसत. समुद्र सुटला म्हणता म्हणता तो थेट अंगणात येऊन बसला होता, आणि आता त्याला चहासुद्धा त्यांनाच द्यावा लागत होता.

भारतानं वर्ल्ड कप जिंकला त्या पावसाळ्याच्या शेवटी होडी तयार झाली. गिरणाऱ्याला टोमॅटो भरायला निघालेल्या रिकाम्या टेम्पोत चढवून ती धरणावर न्यायची, एवढं ठरलं. पण तिथं नेऊन ठेवायची कुठं? मोतीरामांच्या मते होडीची जागा निवडणं म्हणजे जावई निवडण्याइतकंच जोखमीचं काम. एका रविवारी त्यांनी वत्सलाबाईंनाच सोबत चला म्हटलं.

"मी कशाला? मला पाणी बादलीतलंच बरं."

"अगं, तुला बसता आलं पाहिजे ना होडीत."

"पाय ओले न होता चढता येत असेल, तर बघू," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी हे निव्वळ तोंड बंद करायला म्हटलं होतं, पण मोतीरामांनी ते फार मनावर घेतलं.

गिरणाऱ्याच्या एसटीनं ते दोघं गेले आणि मधल्या फाट्यावर उतरून गंगापूर धरणाच्या काठाकाठानं चालले. धरण तुडुंब भरलेलं. पहिली जागा होती काळ्या कातळाची. पाणी खोल, पश्चिमेचा वारा अडवायला मागं टेकाड, होडी बांधायला खडकाचा सुळकाच. मोतीरामांचा चेहरा एकदम खुलला. पण कातळापर्यंत जायचं तर बुळबुळीत धोंड्यांवरून, गुडघाभर पाण्यातून. त्यांनी नुसतं त्या पाण्याकडे पाहिलं, आणि मोतीराम मुकाट्यानं पुढं निघाले.

दुसरी जागा पुढच्या वळणावर होती. गवताचा उतार अलगद पाण्यात शिरलेला, वर एक बाभळ. मोतीराम हातातला बांबू घेऊन पाणी मोजू लागले, बोट ओलं करून वारा बघू लागले, आणि तेवढ्यात वत्सलाबाईंना बाभळीखाली शेळ्या घेऊन बसलेली एक बाई दिसली. तिचं नाव भागीबाई. वत्सलाबाईंनी तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं आणि सहज विचारलं, "इथं पाणी कायम असतं का हो?"

"कायम? नाय वं ताई. दिवाळी सरली का कालव्याला सोडित्यात. संक्रांतीला हितं पार कोरडं व्हतं. हे वावर माझ्या सासऱ्याचं, धरणात गेलं. आता पावसाळाभर धरणाचं आन् उन्हाळाभर माझं." ती पाण्याकडं हात करून म्हणाली, "पानी सरलं का गाळपेर करते. हरभरा, कलिंगडं. गाळाची जमीन लय गोड असती."

वत्सलाबाईंनी तांब्या खाली ठेवला. दिवाळी ते पावसाळा. तेवढे सगळे रविवार. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, नवऱ्याकडं जाऊन एवढंच म्हणाल्या, "मला हीच जागा पसंत आहे. इथं माझे पाय ओले होणार नाहीत."

मोतीरामांनी एकदा लांबच्या कातळाकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. "हीच तर हीच," ते म्हणाले. त्यांनी वाऱ्याची चौकशी केली होती, तळाची केली होती, वाटेतल्या खडकांची केली होती. पण शेवटी माणूस समुद्रावरचा. त्यांच्या अनुभवात पाणी सकाळी गेलं की संध्याकाळी परत यायचं. पाणी एकदा गेलं की सहा-सहा महिने फिरकत नाही, असलं काही त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी तिथंच खुंटा ठोकला. धोंडा भागीबाईनं आणून दिला, कारण फुकटात काहीतरी होत असलं की ती मदतीला असायचीच.

दिवाळीपर्यंत मोतीरामांनी मनसोक्त होडी फिरवली. वत्सलाबाईंना मात्र दर रविवारी काहीतरी निघत होतं. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी नुसतंच वाळवण. मग एके दिवशी मोतीराम घरी येऊन म्हणाले, "पाणी जरा मागं गेलंय. येईल." पुढच्या रविवारी ते आणखी मागं गेलं होतं, आणि त्यांनी होडी ओढत त्याच्यामागं नेली. आता हे असंच चाललं तर हा माणूस पाण्याच्या पाठोपाठ धरणाच्या भिंतीपर्यंत जाईल, हे ओळखून वत्सलाबाईंना एकाएकी मनमाडच्या लेकीची आठवण अनावर झाली. दोघं लेकीकडून परत येईपर्यंत होडी चिखलात रुतून बसली होती, आणि चार माणसांनी जोर लावूनही ती हलेना.

त्या रात्री वत्सलाबाईंनी बोंबलाचं कालवण केलं. नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून त्यांना वाईटही वाटलं, खोटं कशाला बोला. पण येत्या रविवारी बाजार, मग दुपारचा चहा, मग संध्याकाळी विहारात जाऊन येऊ, असे बेत त्यांच्या मनात रांगेनं उभे होते. रविवार उजाडला. मोतीरामांनी आंघोळ केली, डबा भरून घेतला आणि चपला घातल्या.

"अहो, पाणी नाही तिथं!"

"पाणी नाही. होडी तर आहे."

तो रविवार गेला, पुढचा गेला, त्याच्या पुढचाही. वत्सलाबाईंनी कपाळाला हात लावला. पाण्यानं नवरा नेला तर एकवेळ समजून घेता येईल, पण चिखलानंही न्यावा? या माणसाला आपल्याजवळ बसायचंच नाही, असं त्यांना वाटू लागलं आणि ते फार लागलं. वीस वर्षं त्या समुद्राला शिव्या देत आल्या होत्या. आता शिव्या द्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

होळी झाल्यावर त्या न सांगता निघाल्या आणि एकट्याच धरणावर पोचल्या. उतारावरून बघतात तर खाली जिथं पाणी होतं तिथं सगळीकडे कलिंगडाचे वेल, आणि त्यांच्या मधोमध होडी. शीड आडवं ताणून त्याची सावली केलेली. होडीच्या नाकावर भागीबाई बसलेली, हातात पाखरं हाकायची गोफण. तिची भाकर, तिचा विळा, तिची घोंगडी, सगळं होडीत नांदत होतं.

"या ताई, या!" ती ओरडली. "तुमची होडी लय कामाची. राखणीच्या माळ्यापरीस बरी. पाऊस आला तरी भ्या नाय."

आत मोतीराम रंधा मारत होते. त्यांच्यासमोर, होडीच्या मधल्या फळीला, एक पाठ लावलेली होती. आरामखुर्चीला असते तशी, कललेली.

"हे काय?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"पाठ. नुसत्या फळीवर तुझी कंबर धरते. आधी केली ती सरळ झाली होती, म्हणून काढून परत केली." मोतीराम जरा लाजल्यासारखे झाले. "नौदलात होतो खरा, पण सगळी वर्षं इंजिनखोलीत. पाळी संपवून वर यायचो, तेव्हा कधीतरी समुद्र असा दिसायचा की वाटायचं, हे वत्सलाला दाखवायला पाहिजे. पत्रात लिहायला बसलो की 'तब्येत ठीक आहे' एवढंच लिहून व्हायचं. इथं समुद्र नाही. पण पाणी तर आहे."

"पानी हाय कुठं?" भागीबाई हसली. "ताईंना म्या तवाच सांगितलं व्हतं, संक्रांतीला जातं म्हून."

रंधा थांबला. मोतीरामांनी बायकोकडं पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"मग काय? मला रविवार पाहिजे होते."

"मागायचे होतेस."

"वीस वर्षं मागितलेच होते ना," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नको तिथं फुटला. मोतीरामांनी रंधा बाजूला ठेवला. भागीबाईनं एक कलिंगड फोडलं. शेवटी वत्सलाबाई पदर सावरून होडीत चढल्या आणि त्या फळीवर बसल्या. पाठ कंबरेला बरोबर लागत होती. त्यांनी डोळे पुसले. "जरा जास्तच कललीय," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत तिघं तिथंच बसून कलिंगड खात होते.

पाऊस झाला, धरण भरत आलं, आणि पाण्यानं होडी आपसूक उचलली. पहिल्याच उघडिपीच्या रविवारी दोघं काठावर आले. बाभळीखाली भागीबाई शेळ्या घेऊन बसलेलीच होती. मोतीरामांनी पाण्यात उतरून होडी जवळ ओढली आणि दोर घेऊन जुन्याच खुंट्याकडं निघाले.

"इथंच ठेवू," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत होडी चालवू. मग सगळे रविवार तुझे. घरी बसू, बाजारात जाऊ, तू म्हणशील तसं."

हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं असावं, कारण बोलताना त्यांनी कातळाकडं एकदाही पाहिलं नाही. वत्सलाबाईंनी मात्र पाहिलं.

"तिथं बारा महिने पाणी असतं ना?"

"असतं. पण तिथं दर वेळी गुडघाभर पाण्यातून जावं लागेल."

वत्सलाबाईंनी चपला काढून होडीत फेकल्या. नऊवारी नव्हती, तरी साडी खोचली आणि काठावरून सरळ पाण्यात पाय घातला. पाणी गार होतं. गाळ बोटांमधून वर आला. एक किंकाळी त्यांनी घशातच गिळली आणि आणखी एक पाऊल टाकलं.

"अगं, थांब! मी आणतो होडी आणखी जवळ—"

"बघत काय उभे राहिलात? हात धरा. काठावर उभं राहून पोचवायचं काम मी सोडलंय." त्या मांडीपर्यंत भिजून, धापा टाकत होडीत चढल्या, आणि आपल्या जागेवर बसून मागं वळून ओरडल्या, "भागीबाई, तो खुंटा उपटून टाका! आता होडी कातळापाशी राहील."

"आन् उन्हाळ्यात माझ्या कलिंगडांची राखण?"

"रविवारी आम्ही येतोच आहोत," वत्सलाबाई म्हणाल्या. "दोघं."