खांबाशेजारच्या जागेसाठी सात फेऱ्या

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या एका जागेवरून जे झालं, त्यात सुरुवातीला तरी माझी काहीच चूक नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते.

बिबवेवाडीत आमची चार मजली इमारत. छपराखाली मोजक्या गाड्या मावतात, बाकीच्यांनी उंबराखाली लावायच्या. उंबरावर वटवाघळं, आणि माझी गाडी पांढरी. पन्नाशीला टेकल्यावर मी ड्रायव्हिंग शिकले, घरच्यांचं न ऐकता स्वतःची गाडी घेतली, आणि रोज सकाळी शाळेत शिकवायला जायच्या आधी बादली-फडकं घेऊन ती खरवडत बसते. म्हणून लिफ्टजवळच्या खांबाशेजारची जागा रिकामी झाली, तेव्हा ती मला हवी म्हणजे हवीच होती.

ती रंगरावांनाही हवी होती. रंगराव सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांची गाडी वर्षभर कव्हरखाली झोपलेली असते, दसऱ्याला हार घालून घ्यायला उठते आणि पुन्हा झोपते. तिसरा अर्ज हुस्नबानूआपांचा. त्यांच्या गाडीला आवारातच जागा नाही, ती कोपऱ्यापलीकडे रस्त्यावर असते. त्यांच्या नवऱ्याचं, कादरभाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते गाडीतून उतरले की काठी टेकत, प्रत्येक गेटपाशी थांबत घरी येतात. आपा मीटिंगमध्ये हे सगळं एकदा बोलल्या. पण तेव्हा मी आणि रंगराव भांडत होतो, त्यामुळे ते कुणाला नीट ऐकूच आलं नाही.

मी म्हटलं, "चिठ्ठ्या टाका."

"नको," रंगराव म्हणाले. "मागच्या वेळी चिठ्ठी उचलणारा तुमचा भाचा होता."

"आणि चिठ्ठ्यांना घड्या घालणारे तुम्ही होतात."

माझी मुलगी स्वराली कंटाळून म्हणाली, "मग रेस लावा ना! आमच्या टीव्हीवर गेम आहे. जिंकेल त्याची जागा, विषय एंड."

सगळे हसले. रंगराव हसले नाहीत. "माझी तयारी आहे. तीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही."

"हारानं ओरखडा पडत नाही, रंगराव," मी म्हटलं, आणि मग काय, ठरलंच. रंगरावांना सम आकडा चालत नाही, म्हणून फेऱ्या सात. येत्या रविवारी, आमच्या हॉलमध्ये.

मी वरवर आढेवेढे घेतले, पण आतून उकळ्या फुटत होत्या. कारण माझी शाळा सकाळची, स्वरालीचं ऑफिस दिवसभर, आणि दुपारी तिचा तो गेम कोण खेळतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेतली स्टॉक कारची शर्यत आहे. लांबट गोल रस्ता, चाळीसेक गाड्या एकमेकींना घासत, ढकलत सुसाट सुटलेल्या, आणि वळण कायम डावीकडेच. संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून गाडी काढणाऱ्या बाईला त्यात नवीन असं काही नाही.

सरावासाठी रंगराव रोज आमच्याकडे येऊ लागले. आपा एकदाच आल्या. रस्त्याच्या आतल्या कडेनं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, हळूहळू फिरल्या, "छान आहे की," म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या. त्यांची मला काळजी नव्हती. काळजी होती रंगरावांची. हा माणूस खऱ्या रस्त्यावर गाडी काढत नाही, पण टीव्हीसमोर बसला की ब्रेक नावाची वस्तूच विसरतो! शुक्रवारी त्यांनी मला दोनदा हरवलं, आणि वर माझ्याच हातची कांदाभजी खात म्हणाले, "वहिनी, उंबराखाली सावली मात्र छान असते हो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगीतच मला युक्ती सुचली.

गेममध्ये रस्त्याच्या मधल्या हिरवळीवर आपल्याला हवं ते चित्र भलंमोठं उभं करता येतं. स्वरालीनं तिथे तिच्या मांजराचा फोटो टाकलेला होता. मी शनिवारी खाली गेले, सोसायटीच्या देवळातल्या गणपतीचा छान फोटो काढला आणि मांजराच्या जागी बसवला. रंगराव रोज सकाळी याच गणपतीला अकरा प्रदक्षिणा घालतात. प्रदक्षिणा म्हणजे देव आपल्या उजव्या हाताला. आणि या गेममध्ये मधली हिरवळ सतत डाव्या हाताला. उलटी प्रदक्षिणा! कुणी घाईत देवळाला उलटा वळसा घातला, तर रंगराव त्याला परत पाठवतात, तेच रंगराव.

रविवारी आमचा हॉल भरून गेला. टीव्हीच्या पडद्याचे तीन भाग झाले, एकात मी, एकात रंगराव, एकात आपा. माझे यजमान नागोराव यवतमाळचे, ते पंच. हिरवा झेंडा पडला आणि पहिल्याच वळणावर हिरवळीतून गणपती वर आला, चांगला इमारतीएवढा.

"हे काय?" रंगराव ओरडले.

"देव आहे," मी म्हटलं. "शुभ कार्याला असावा."

अर्धी फेरी त्यांनी सोसलं. डावीकडे पाहिलं, पुढे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. कपाळावर घाम. मग पुटपुटले, "छे छे, हे पाप माझ्याच्यानं व्हायचं नाही," आणि त्यांनी गाडी गर्रकन उलटी फिरवली. देव उजव्या हाताला आला, चेहऱ्यावर समाधान आलं, आणि समोरून चाळीस गाड्या आल्या. काय आदळआपट झाली म्हणून सांगू! रंगराव धडकत होते, उलटत होते, पण दिशा सोडत नव्हते. शेवटी गेमनं काळा झेंडा दाखवून त्यांना बाहेर काढलं. मी इतकी हसले की सोफ्यावरून घसरायची बाकी होते.

आता जागा माझी होती. गाडी कशी उभी करायची, तेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं. तेवढ्यात गणपती पुन्हा समोर आला, आणि या वेळी माझं लक्ष रंगरावांकडे नव्हतं.

दुचाकीवरून देवळासमोरून जाताना आपण काय करतो? उजवा हात हँडलवरून सुटतो, छातीला लागतो, कपाळाला लागतो, पुन्हा हँडलवर. शनिवार पेठेत माझं बालपण गेलं, तिथे चार पावलांवर देऊळ. तो हात मी उचलत नाही, तो आपोआप उचलला जातो. मी सगळा सराव केला होता तो मांजराभोवती. आणि गेममधला ॲक्सिलरेटर असतो उजव्या हाताच्या बोटाखाली.

माझा हात छातीला गेला. गाडी मंदावली. मागून तीन गाड्यांनी मला भिंतीवर चिकटवलं.

"काय करून राहिली तू, दीपमाला?" नागोराव ओरडले. "हात खाली ठेव ना!"

"ठेवतेय हो!"

पुढच्या फेरीला मी दात-ओठ खाऊन बसले. नाही उचलायचा म्हणजे नाही. गणपती आला आणि हात गेला. पुन्हा भिंत. त्याच्या पुढच्या फेरीला मी डोळेच मिटून घेतले, तर गाडी सरळ भिंतीकडेच गेली. रंगराव आता खुर्ची पुढे ओढून बसले होते. "देवाला फसवायला गेलात, वहिनी. आता भोगा," असं ते इतक्या आनंदानं म्हणाले की मला कंट्रोलर फेकून मारावासा वाटला. सहाव्या फेरीत माझ्या गाडीचं बॉनेट उडून गेलं आणि धूर निघून ती कायमची उभी राहिली.

आणि या सगळ्या धुमाकुळात आतल्या कडेनं, कुणाला धक्का न देता, एक निळी गाडी शांतपणे फिरत होती. तिनं सातवी फेरी पुरी केली. नंबर पहिला नव्हता, तिसावा-बत्तिसावा असेल. पण आम्हा तिघांत पोहोचलेली ती एकटीच.

"आपा, तुम्हाला चुकल्यासारखं नाही वाटलं?" मी विचारलं. "सारखं डावीकडे?"

"मला कशाला चुकल्यासारखं वाटेल?" आपा चष्मा पुसत म्हणाल्या. "आम्ही दोघं मक्केला उमऱ्याला गेलो होतो ना, तेव्हा काब्याला सात फेऱ्या अशाच घातल्या. डावीकडूनच. कडेकडेनं, कुणाला धक्का लागू न देता. यांचा गुडघा तेव्हा चांगला होता."

मग रंगरावांनी नियमानुसार जागा हुस्नबानूआपांची झाल्याचं जाहीर केलं. त्यांचा आवाज जरा बसला होता, माझाही बसला असता, पण मला कुणी बोलायला सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी आपांनी गाडी आत आणून खांबाशेजारी लावली. कादरभाई उतरले, काठी काखेत मारली आणि चार पावलांत लिफ्टमध्ये शिरले. एकदाही थांबले नाहीत. मी उंबराखालून बघत होते, हातात बादली होती, रागानं धुमसत होते, आणि मला फार बरं वाटलं. दोन्ही एकदमच वाटत होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी तो फोटो काढून टाकायला गेले. मांजर परत बसवावं, सराव करावा, पुढच्या वेळी जागा रिकामी होईल तेव्हा बघून घ्यावं, असा माझा बेत. बटण दाबलं, तर गेमनं विचारलं, हे चित्र कायमचं नष्ट करायचं, नक्की ना? गणपती माझ्याकडे बघत होता. बसवलेला गणपती असा एका बटणानं नष्ट करायचा? ना आरती, ना नैवेद्य, ना पुनरागमनाय च?

"आई, डिलीट कर ना," स्वराली म्हणाली. "काय प्रॉब्लेम आहे?"

"अनंत चतुर्दशीला करू," मी म्हटलं.

चतुर्दशीला अजून पुष्कळ अवकाश आहे. तोवर गणपती हिरवळीवर आहे आणि माझी गाडी उंबराखाली आहे. दुपारी आपा खेळायला येतात, येताना शीरखुर्मा आणतात, आणि मला रोज हरवून जातात.