ओळीच्या शेवटची गाठ

मावशीच्या उजव्या अंगठ्याची शीर आखडायची. चाळीस वर्षं काजं करून दुसरं काय होणार? "सकाळी यायचं, ऑपरेशन करून दुपारी घरी. मी आहे ना तिथे," भाची म्हणाली. भाची त्याच हॉस्पिटलात नर्स. आई गेल्यापासून मावशीच्या शिलाई मशीनशेजारीच वाढलेली. मावशी निर्धास्त गेली. घरच्या माणसावर नाही विश्वास ठेवायचा, तर कुणावर?

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी भाचीचा फोन आला. "मावशी, तुझा समाधानाचा फॉर्म भरायचाय. कसं वाटतंय?"

"अंगठा बधिर आहे गं. धरलेली सुई कधी सुटते, कळतच नाही."

"होतं तसं. महिनाभरात जाईल."

महिना गेला, बधिरपणा ठाण मांडून बसला. मावशी हॉस्पिटलात आली. दारावर नवी पाटी होती, 'शंभर टक्के रुग्ण समाधानी', आणि खाली भाचीचा फोटो. मावशीला मेलं कौतुकच वाटलं.

डॉक्टरांनी अंगठ्याला टाचणी टोचून पाहिली. "नस दुखावलीय. आठवड्यातच का नाही सांगितलंत? तेव्हा बरंच काही करता आलं असतं."

"सांगितलं होतं की!"

डॉक्टरांनी फॉर्म पुढे सरकवला. 'बधिरपणा नाही. पूर्ण समाधानी' असं त्यावर हातानं लिहिलेलं. मावशीनं चष्मा चढवला. ओळीच्या शेवटी टिंब नव्हतं, इवलीशी गाठ होती. कापडावर आखायच्या खडूनं अक्षरं गिरवून घेताना तिनंच भाचीला शिकवलं होतं, ओळ संपली की गाठ मारायची, नाहीतर उसवते. जगात असं लिहिणाऱ्या दोघीच.

भाची ट्रे घेऊन दाराशीच उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, यांनी बधिरपणाचं सांगितलं होतं?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली. आता बोलेल पोरगी. चुकले म्हणाली की माफ करायचं, हेही तिनं तेवढ्यात ठरवून टाकलं.

भाचीनं ट्रेमधली कात्री सरळ केली. "नाही सर. पेशंट जे म्हणाल्या, तेच मी लिहिलं."

पेशंट! पोटच्या पोरीसारखी वाढवलेली, आणि तिनंच केसानं गळा कापला.

ती उठली. उजव्या हातात घेतलेली पिशवी निसटून खाली पडली. भाची सवयीनं उचलायला वाकली.

"राहू द्या, सिस्टर," मावशी म्हणाली.